कपाशीवरची फवारणी आणि गालावरची चुणचुण

बोदवड पट्ट्यात कपाशीला पाती-फुलं लागली की घराघरातून पाठीवरचे पंप निघतात. बोंडअळीवर फवारणी करून आलेल्या माणसाच्या गालांची आग होते, पापण्यांपाशी मुंग्या येतात, घाम आला की चुणचुण वाढते. पुरळ मात्र दिसत नाही. ‘ऊन लागलं असेल’ म्हणून विषय मिटतो. बऱ्याचदा ते ऊन नसतं. फवारलेल्या सायपरमेथ्रिन या कीटकनाशकानं कातडीतल्या मज्जातंतूंना छेडलेलं असतं.

मज्जातंतूच्या पडद्यात सोडियमच्या वाहिन्या असतात. वाहिनी उघडली की सोडियम आत शिरतो, संदेश पुढे सरकतो आणि सेकंदाच्या हजाराव्या भागाच्या आसपास ती बंदही होते. हॉजकिन आणि हक्सले यांनी 1952 मध्ये स्क्विड या सागरी जीवाच्या जाड तंतूवरून संदेशाचं हे गणित मांडलं. सायपरमेथ्रिन वाहिनीच्या दाराला जणू पाचर मारतं. दार मिटत नाही, तंतू विनाकारण संदेश सोडत राहतो. अळी थरथरते, मग लुळी पडते.

मूळ औषध वनस्पतीचंच. शेवंतीच्या कुळातल्या पायरेथ्रमच्या फुलांत ते असतं, पण उन्हात टिकत नाही. इंग्लंडच्या रॉदमस्टेड संस्थेत मायकेल इलियट यांच्या गटानं 1973 मध्ये उन्हात टिकणारं परमेथ्रिन तयार केलं. सायपरमेथ्रिन त्याच घराण्यातलं.

माणूस वाचतो, कारण आपल्या वाहिन्यांवर या औषधाची पकड सैल असते आणि यकृत ते लवकर फोडतं.

खरी काळजी मिश्रणाची. प्रोफेनोफॉस हे दुसरं कीटकनाशक 40 टक्के आणि सायपरमेथ्रिन 4 टक्के असं औषध दुकानात सर्रास मिळतं. सायपरमेथ्रिन फोडणाऱ्या विकरांनाच प्रोफेनोफॉस अडवतं, म्हणून अळीवर मारा जबर बसतो. शिवाय त्याची स्वतःची विषबाधा वेगळीच. 2017 मध्ये यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेनं 20 हून अधिक शेतकरी-मजूर गेले; त्यानंतर राज्य सरकारनं ज्या औषधांची विक्री काही काळ थांबवली, त्यांत हे मिश्रणही होतं.

नुसती चुणचुण साधारण दिवसभरात ओसरते. पण मळमळ, लाळ, अंधूक दिसणं, दम लागणं सुरू झालं तर घरी थांबू नका. अंगावरचे कपडे बदला, साबणानं अंग धुवा आणि दवाखान्यात जाताना औषधाची बाटली सोबत न्या. लेबल पाहिल्यावर डॉक्टरांना नेमके उपचार ठरवता येतात.