डिशवॉशर पाणी तापवत नाही?

कढईचा तेलकटपणा तसाच, साबणाची वडी अर्धवट विरघळलेली, भांडी ओलीच. तिन्ही लक्षणं एकत्र दिसली, की संशय हीटरवर जातो. आधी प्रोग्रॅम कोणता लावला होता ते पाहा. ‘इको’त पाणी साधारण 50 अंशांपर्यंतच तापतं, ‘इंटेन्सिव्ह’मध्ये 65 ते 70. ‘इंटेन्सिव्ह’ लावून अर्ध्या तासाने दार जपून किलकिलं करा. वाफ नाही, आतलं स्टील गार, तर बिघाड खरा.

तरी लगेच हीटर मागवू नका. पाणी पुरेसं आलं नाही किंवा नीट फिरलं नाही, तर हीटर कोरडा जळू नये म्हणून मशीन तो सुरूच करत नाही. वरच्या मजल्यावर, टाकीच्या अगदी खाली राहणाऱ्यांकडे आधीच दाब कमी. त्यात तळाच्या जाळीत शितं नि कोथिंबिरीच्या काड्या. जाळी धुवा, इनलेट पाइपच्या तोंडाची बारीक गाळणीही.

बोअरवेलचं पाणी असेल तर हीटरवर क्षारांचा थर चढतो. डिशवॉशरचं जाडं मीठ संपू देऊ नका. आयोडीनयुक्त मीठ चालत नाही.

पुढचं काम मेकॅनिकचं. 230 व्होल्टवर चालणाऱ्या 2000 वॉटच्या हीटरचा रोध सुमारे 26 ओहम भरतो. मल्टिमीटरने काहीच दाखवलं नाही तर कॉइल तुटलेली. आकडा बरोबर आला, तर दोष तापमानाच्या सेन्सरमध्ये, वायरिंगमध्ये किंवा बोर्डावरच्या रिलेत. बोर्ड महाग असतो, म्हणून तो सगळ्यात शेवटी बदलायचा.