फँटम हेडसमोरची रांग

ब्रिटनमध्ये दीडशे वर्षांपूर्वी दात काढायला परवाना लागत नसे. हात चालत असेल आणि गिऱ्हाईक तोंड उघडायला तयार असेल, तर धंदा सुरू. इंग्लंडच्या रॉयल कॉलेज ऑफ सर्जन्सने 1860 मध्ये दंतशल्याची पहिली परीक्षा घेतली खरी, पण ती देण्याची सक्ती कुणावरच नव्हती. 1878 च्या कायद्याने नोंदवही आली. ‘डेंटिस्ट’ ही उपाधी नोंदणीकृतांपुरती राखली गेली. मात्र जे आधीपासून धंद्यात होते त्यांना परीक्षेविना आत घेतले गेले, आणि ज्यांची नोंद नव्हती त्यांना ही उपाधी न लावता काम करण्याची वाट मोकळीच राहिली. ती वाट 1921 च्या कायद्याने बंद झाली, पण तेव्हाही अनुभवाच्या जोरावर बिनपदवीचे पुष्कळ जण नोंदवहीत आले. या दोन कायद्यांच्या मधल्या काळात लिलियन मरे या तरुणीला लंडनच्या दंतरुग्णालयाने, ती स्त्री आहे एवढ्याच कारणाने, प्रवेश नाकारला. ती एडिंबरोला जाऊन शिकली आणि 1895 मध्ये ब्रिटनमध्ये दंतवैद्यकाची पात्रता मिळवणारी पहिली स्त्री झाली. म्हणजे ज्यांची कुणी परीक्षा घेतली नव्हती ते आत होते, आणि परीक्षा द्यायला जी तयार होती तिला दारातच अडवले गेले. हा हात काय करू शकतो आणि हा माणूस कुठून आला, हे दोन्ही प्रश्न परवान्याने पहिल्यापासून एकाच वेळी विचारले आहेत. त्यानंतरच्या काळाकडे पाहिले, तर दुसरा प्रश्न पहिल्यावर वारंवार कुरघोडी करताना दिसतो. जिथे पहिला प्रश्न खरोखर नीट विचारला गेला, तिथे उत्तर द्यायच्या जागाच तुटपुंज्या ठेवल्या गेल्या.

1956 च्या कायद्याने जनरल डेंटल कौन्सिल स्थापन झाली आणि नोंदवही तिच्याकडे आली. पुढचे मोठे वळण युरोपातून आले. 1978 मध्ये युरोपीय आर्थिक समुदायाने दंतवैद्यकाविषयी दोन निर्देश काढले. एकाने सदस्य देशांच्या पदव्या परस्परांत मान्य केल्या, दुसऱ्याने शिक्षणाचा किमान दर्जा ठरवला. या निर्देशांमागचा विश्वास किती पुढे धावत होता, हे इटलीकडे पाहून कळते. तिथे दंतवैद्यक हा वेगळा पेशाच नव्हता, डॉक्टरच दातांचे काम करीत. स्वतंत्र पदवी 1980 मध्ये सुरू झाली आणि पेशाला कायदेशीर रूप 1985 मध्ये मिळाले. परस्परमान्यता आधी आली, अभ्यासक्रम मागून आला. 2004 मध्ये पोलंडसह दहा देश युरोपीय संघात आले, 2007 मध्ये रुमानिया आणि बल्गेरिया आले, आणि तिथल्या दंतवैद्यांना ब्रिटनचे दार कागदपत्रांच्या तपासणीवर उघडू लागले. त्यांची इंग्रजी तपासण्याचा अधिकारदेखील कौन्सिलला 2016 पर्यंत नव्हता. भूल द्यायची का, दाढ काढायची का, हे रुग्णाला समजावून त्याची संमती घेणाऱ्या माणसाला रुग्णाची भाषा येते की नाही, एवढी साधी विचारणा करायला अडतीस वर्षे लागली. सुरक्षिततेचा मुद्दा पुढे आला की हा आकडा मला पहिल्यांदा आठवतो.

युरोपाबाहेरच्यांसाठी हिशेब निराळा होता. ऑस्ट्रेलिया, न्यूझीलंड, हाँगकाँग अशा काही ठिकाणच्या, 2001 पूर्वी मिळवलेल्या पदव्या थेट चालत. त्या यादीत भारतीय बीडीएस नव्हती. चार वर्षे शिक्षण आणि एक वर्ष इंटर्नशिप करून मुंबईच्या किंवा नागपूरच्या शासकीय दंत महाविद्यालयातून बाहेर पडलेल्याला परीक्षाच द्यावी लागे. या परीक्षेचे नाव आणि रूप बदलत गेले. 2007 पासून तिला ओव्हरसीज रजिस्ट्रेशन एक्झामिनेशन म्हणतात, आणि या वाटेवरचे सगळे तिला ‘ओआरई’ म्हणूनच ओळखतात. त्यातही एक फट होती आणि ती गोव्यातून जात होती. वाडवडिलांच्या नोंदींच्या आधारे पोर्तुगीज नागरिकत्व घेतलेल्या गोवेकराला युरोपीय नागरिकाचे हक्क मिळत, त्यामुळे त्याची भारतीय पदवी आणि अनुभव कौन्सिलला व्यक्तिशः तपासावे लागत. त्या तपासणीत नकारही येऊ शकत असे. पण एकाच वर्गात, एकाच खुर्चीवर, एकाच मास्तरांच्या हाताखाली शिकलेल्या दोघांपैकी एकाला तपासणीची ही वेगळी खिडकी होती आणि दुसऱ्याला नव्हती. फरक फक्त पासपोर्टचा होता, हात दोघांचे सारखेच घडले होते.

ओआरईकडे मात्र मी आदरानेच पाहतो. अर्जासोबत रुग्णांवर प्रत्यक्ष काम केल्याचे किमान सोळाशे तास दाखवावे लागतात, ज्या राज्यात नोंदणी आहे तिथल्या परिषदेचे गुड स्टँडिंग प्रमाणपत्र लागते आणि इंग्रजीची परीक्षा आधीच पार करावी लागते. पहिल्या भागात दोन लेखी पेपर. दुसऱ्या भागात खरी कसोटी. फँटम हेड, म्हणजे जबडा आणि दात बसवलेले कृत्रिम डोके, त्यावर ठरलेल्या वेळेत दात कोरायचे, भरायचे, कॅपसाठी घडवायचे. रुग्णाची भूमिका करणाऱ्या नटाशी बोलून त्याची तक्रार समजून घ्यायची. एक्स-रे आणि माहिती पाहून उपचारांची आखणी परीक्षकांपुढे मांडायची. खुर्चीत कुणी बेशुद्ध पडला तर काय कराल, हे करून दाखवायचे. अशी परीक्षा पदवीच्या कागदापेक्षा अधिक काही सांगते. कोरलेल्या दाताच्या भिंतीला किती उतार आहे आणि शेजारच्या दाताला ओरखडा गेला का, हे परीक्षकाला डोळ्यांनी दिसते. त्या उताराला पासपोर्ट नसतो.

परीक्षा चांगली असूनही ती अन्यायाचे साधन झाली, याचे कारण जागा. 2020 च्या साथीत ती थांबली आणि 2022 मध्ये पुन्हा सुरू झाली. पहिल्या भागाचा पहिला प्रयत्न केल्यापासून पाच वर्षांत सगळे संपवायचे, असा नियम होता. परीक्षा बंद असतानाही ते घड्याळ चालूच राहिले. नियम कायद्यातच जखडलेले असल्याने ते सैल करायला मार्च 2023 चा आदेश यावा लागला. बाधित उमेदवारांना त्यातून वाढीव मुदत मिळाली. मात्र परदेशी दंतवैद्यांना आपल्या पदवीवर डेंटल थेरपिस्ट म्हणून नोंदणी करण्याची जी वाट होती, ती याच आदेशाने बंद झाली. परीक्षा पुन्हा सुरू झाल्यावर जागा खुल्या होताच काही मिनिटांत भरू लागल्या. दुसऱ्या भागाचे शुल्क चार हजार पौंडांच्या पलीकडे गेले. वाट पाहणारे अनेक जण दरम्यान डेंटल नर्स म्हणून काम करतात. दुसऱ्याने कोरलेल्या दातातली लाळ सक्शनने ओढत, स्वतःचे हात मात्र वर्षानुवर्षे रिकामे ठेवून. दंतकाम हे सुतारकामासारखे आहे, हात थांबला की बसतो. म्हणजे लायकी मोजण्यासाठी उभी केलेली रांगच उमेदवाराची लायकी झिजवते, आणि मग तो नापास झाला की त्याचा दोष त्याच्या शिक्षणावर टाकला जातो.

याच काळात युरोपीय पदव्यांचे काय झाले, हेही पाहायला हवे. ब्रिटन संघातून बाहेर पडले आणि 2020 च्या अखेरीस संक्रमणकाळ संपला. परस्परमान्यतेचे कायदेशीर बंधन उरले नाही. तरीही ब्रिटनने युरोपीय पदव्या जवळजवळ आपोआप मान्य करणे चालू ठेवले आणि 2023 मध्ये ती व्यवस्था आणखी पाच वर्षांसाठी वाढवली. मला हा निर्णय व्यवहार्य वाटतो, कारण दंतवैद्यांची गरज होती. पण मग युरोपीय दंतवैद्यांसाठी ‘गरज’ हे कारण चालते आणि इतरांसाठी फक्त ‘सुरक्षितता’ पुढे केली जाते, हे कसे मान्य करायचे?

सुरक्षिततेचा आक्षेप मी हलका मानत नाही. भारतात तीनशेहून अधिक दंत महाविद्यालये आहेत आणि त्यांचा दर्जा एकसारखा नाही, हे आपल्याला चांगले ठाऊक आहे. काही ठिकाणी विद्यार्थ्याला खुर्ची मिळते पण रुग्ण मिळत नाही. म्हणून पदवी डोळे झाकून मान्य करा, असे माझे म्हणणे नाही. सर्वांची परीक्षा घ्यावी आणि जो बसू इच्छितो त्याला वाजवी मुदतीत बसू द्यावे, एवढेच. परीक्षेला बसूच न दिल्याने कोणताही रुग्ण सुरक्षित होत नाही. ऑगस्ट 2022 मध्ये बीबीसीने ब्रिटिश डेंटल असोसिएशनसोबत केलेल्या पाहणीत दहापैकी नऊ दवाखाने एनएचएसचे, म्हणजे सार्वजनिक आरोग्यसेवेचे, नवे प्रौढ रुग्ण घेत नसल्याचे दिसले. फेब्रुवारी 2024 मध्ये ब्रिस्टलच्या सेंट पॉल्स भागात नवा दवाखाना उघडला तेव्हा नाव नोंदवायला लागलेली रांग आवरण्यासाठी पोलिसांना यावे लागले. दंतवैद्यच मिळत नसेल तर सुरक्षितता कुणाची, हा प्रश्न त्या रांगेतल्या माणसाने विचारायला हवा.

यावर जाणकार म्हणतील, की टंचाई दंतवैद्यांची नाही, एनएचएसमध्ये काम करायला तयार असलेल्यांची आहे. हे बऱ्याच अंशी खरे आहे. 2006 च्या करारानुसार इंग्लंडमध्ये उपचारांची मोजणी ‘युनिट’मध्ये होते. एक दात भरा की अनेक, एका उपचारमालिकेची युनिटे बराच काळ सारखीच होती, त्यामुळे ज्याचे दात सर्वांत खराब त्याच्यावर काम करणे सर्वांत तोट्याचे. परीक्षा सोपी करून हा करार सुधारणार नाही. पण हा आक्षेप माझ्या मुद्द्याला छेद देत नाही, उलट त्याचे दुसरे टोक दाखवतो. ओआरई उत्तीर्ण झालेल्याला एनएचएसमध्ये काम करण्यासाठी तिच्या दंतवैद्यांच्या यादीवर, परफॉर्मर्स लिस्टवर, यावे लागते, आणि त्यासाठी अनुभवी दंतवैद्याच्या देखरेखीखाली पुन्हा काही काळ काढावा लागतो. युरोपीय पदवीधराला या अटीतून वर्षानुवर्षे सूट होती. सार्वजनिक सेवेत यायला जो सर्वांत उत्सुक, त्याच्याच वाटेवर सर्वांत जास्त पायऱ्या होत्या.

दुसरा आक्षेप आपल्याकडचा आहे: महाराष्ट्राच्या खर्चाने शिकलेले हात परदेशी का जावेत? गडचिरोलीत, नंदुरबारमध्ये दाढदुखीने रात्र काढणारा माणूस आहेच, आणि हा प्रश्न मला अस्वस्थ करतो. पण लंडनमध्ये परीक्षेची जागा न मिळाल्याने कोणी नंदुरबारला परतल्याचे दिसत नाही. तो क्रॉयडनमध्ये किंवा वेम्ब्लीत डेंटल नर्स राहतो. दोन्ही देशांनी एक दंतवैद्य गमावलेला असतो, आणि तरीही तो दोघांच्याही हिशेबात दिसत नाही.

फेब्रुवारी ते मे 2024 या काळात ब्रिटिश सरकारने तात्पुरत्या नोंदणीवर लोकांची मते मागवली. परदेशी पदवीधराला परीक्षेआधीच नोंदणीकृत दंतवैद्याच्या देखरेखीखाली रुग्णांवर काम करू द्यावे, अशी ती कल्पना. तिच्यातला खरा लाभ हा, की वाट पाहणाऱ्याचा हात थांबणार नाही. खरी अडचणही तिथेच आहे. देखरेख करणाऱ्याला त्या वेळेचे पैसे कोण देणार, एका माणसाने किती जणांवर लक्ष ठेवायचे, आणि देखरेखीच्या जागाही फँटम हेडसमोरच्या जागांइतक्याच मोजक्या निघाल्या तर काय, याची उत्तरे आकड्यांत लागतील: किती दवाखाने, किती खुर्च्या, वर्षाला किती माणसे.