भरसमुद्रातील नृत्यसोबती

वॉल्ट्झ, फॉक्सट्रॉट, टँगो, क्विकस्टेप ही बॉलरूम नृत्ये जोडीनेच करायची असतात. त्यांत एकाने दिशा द्यायची आणि दुसऱ्याने ती खांद्याच्या किंवा तळहाताच्या हलक्या दाबावरून ओळखून साथ द्यायची, त्यामुळे उत्तम नाचणाऱ्या व्यक्तीलाही जोडीदार नसला की बसून राहावे लागते. गोव्यातील ख्रिस्ती लग्नांत असा जोडीदार आप्तेष्टांत सहज सापडतो, पण क्रूझ जहाजावर सारेच परके असतात. शिवाय लांबच्या सफरींना एकट्याने येणाऱ्यांत उतारवयातील स्त्रिया पुरुषांपेक्षा बऱ्याच अधिक असतात आणि पतीच्या मागे आपले नाचणेही संपले हे त्यांतील अनेकींना मान्य नसते. ‘डान्स होस्ट’, म्हणजे अशा प्रवाशांना सोबत देण्यासाठी जहाजाने नेमलेला नर्तक, ही संस्था या गरजेतून उभी राहिली.

ही परंपरा निष्ठेने जपणाऱ्यांत क्यूनार्ड कंपनीचे नाव अग्रभागी आहे. 2004 साली प्रवासी सेवेत आलेल्या ‘क्वीन मेरी 2’ या 345 मीटर लांबीच्या जहाजावर ‘क्वीन्स रूम’ हे प्रशस्त नृत्यदालन असून तेथे दिवसा शिकवणी आणि रात्री वाद्यवृंदासह नृत्य असते.

होस्टचे खरे कौशल्य पावलांपेक्षा वाटणीत दिसते. एकीबरोबर एक नृत्य झाले की तिला तिच्या जागेपर्यंत पोहोचवून त्याने दुसरीकडे वळायचे, कोणालाही झुकते माप द्यायचे नाही आणि प्रेमसंबंधांपासून कटाक्षाने दूर राहायचे, असा सर्वसाधारण दंडक आहे. स्पर्धेत नाचलेली स्त्री आणि त्याच दुपारी पहिला धडा गिरवलेली स्त्री यांना लागोपाठ साथ देताना तो पावलांची लांबी आणि वळणांची संख्या बदलतो, मात्र दुसरीला ती सवलत वाटू देत नाही. सौजन्याला इतकी शिस्त लावणारे आणि तरीही ते सौजन्यच राहू देणारे काम विरळाच.

त्यात पायाखालची जमीनही स्थिर नसते. जहाजाच्या कुशींतून पाण्यात पसरणारे पंख, ज्यांना स्टॅबिलायझर म्हणतात, डाव्या-उजव्या अंगाला होणारे डोलणे बरेच कमी करतात, पण जहाजाचे पुढचे व मागचे टोक आळीपाळीने वर-खाली होण्यावर त्यांचा फारसा इलाज चालत नाही. अशा वेळी जाणता होस्ट पाऊल आखूड करतो, गुडघे किंचित सैल ठेवतो आणि गिरक्यांऐवजी साधी चाल निवडतो. त्याच वेळी सगळ्या जोड्या घड्याळाच्या काट्यांच्या उलट दिशेने फिरत असल्यामुळे मागून येणाऱ्यांचा मार्ग मोकळा ठेवण्याचे भानही त्याला राखावे लागते.

या कामाचा आर्थिक पाया मात्र डळमळीत आहे. बहुतेक ठिकाणी होस्टला राहणे, जेवण आणि प्रवास मिळतो, रूढ अर्थाने पगार नव्हे, आणि काही ठिकाणी तर त्यालाच नेमणूक करून देणाऱ्या मध्यस्थ संस्थेकडे दररोज शुल्क भरावे लागते. त्यामुळे हे काम मुख्यतः निवृत्त आणि खाऊनपिऊन सुखी पुरुषांच्याच आवाक्यात राहते. रात्री दोन-तीन तास अखंड नाचण्याची ताकद आणि निवृत्तीचे वय यांचा मेळ थोड्यांनाच साधतो. दुसरीकडे अनेक जहाजांवर नृत्याची जागा आक्रसून बारच्या कोपऱ्यातील चौकोनाएवढी उरली आहे, कोठे लाकडाऐवजी कठीण दगडी फरशी असते, जिच्यावर गुडघे लवकर दुखू लागतात, तर कोठे एका लयीत चालणाऱ्या वाद्यवृंदाऐवजी क्षणोक्षणी गती बदलणारी ध्वनिमुद्रित गाणी वाजतात. वॉल्ट्झला मिनिटाला साधारण 28 ते 30 आवर्तने लागतात, प्रत्येकी तीन मात्रांची. ही लय विस्कटली की होस्ट कितीही तयारीचा असला तरी जोडीदाराला पुढचे पाऊल कधी पडणार हे कळेनासे होते.

होस्ट उपलब्ध नसतात तेथे काही स्त्रिया दिशा देणाऱ्याची पावले शिकून परस्परांबरोबर नाचू लागल्या आहेत, आणि हा मार्ग कमीपणाचा मुळीच नाही. मात्र चाळीस वर्षे प्रामुख्याने मागे सरकत नाचलेल्या शरीराला पुढे चालत, समोरची गर्दी पाहत, दुसऱ्याच्या वतीने निर्णय घेण्याची सवय लावायला सात रात्रींची सफर पुरत नाही.