उसातलं घर

वाशीच्या बाजार समितीत पहाटे तीन वाजता नारायणगावच्या टोमॅटोचे क्रेट उतरत असतात, तेव्हा ज्या शिवारातून ते निघाले तिथला बिबट्याही जागाच असतो. जुन्नर, आंबेगाव, खेड, शिरूर आणि डोंगरापल्याडचं अकोले. मुंबईला भाजी पुरवणारा हा मुलूख आज बिबट्याचंही घर आहे.

'बिबट्या गावात घुसला' ही बातमी वाचली की मी थबकतो. तो घुसला कुठून? कुकडीच्या धरणांचं पाणी आलं आणि कोरडवाहू रानात ऊस उभा राहिला. बारा ते अठरा महिने ते रान कुणी हलवत नाही. आत गारवा, बांधाला पाटाचं पाणी, माणसाची वर्दळ नाही. मादी तिथेच विते. तोडणीवाल्यांच्या कोयत्यासमोर पाचटात पिल्लं सापडतात, तेव्हा वनखात्याची माणसं त्यांना क्रेटमध्ये घालून संध्याकाळी त्याच जागी ठेवतात, आणि बहुतेकदा रात्री आई येऊन एकेक पिल्लू तोंडात धरून नेते. या पिल्लांनी जंगल पाहिलेलंच नसतं.

मग ती खातात काय? वन्यजीव संशोधक विद्या अत्रेय आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अकोल्याच्या खोऱ्यात बिबट्याची विष्ठा गोळा करून तपासली. २०१४ साली प्रसिद्ध झालेल्या त्या अभ्यासात, वजनाच्या हिशेबाने ८७ टक्के आहार पाळीव जनावरांचा निघाला. एकट्या कुत्र्यांचाच वाटा ३९ टक्के. शेळ्या त्या भागात कुत्र्यांच्या सातपट, तरी त्यांचा वाटा ११ टक्केच! शेळी रात्री गोठ्यात कोंडलेली असते, कुत्रं उकिरड्यावर मोकळं हिंडतं. शेतीने नुसता आडोसा दिला नाही, ताटही वाढलं. चौरस किलोमीटरला तीनशेहून जास्त माणसं राहतात अशा या खोऱ्यात शंभर चौरस किलोमीटरमागे सुमारे पाच प्रौढ बिबटे असल्याचा अंदाज कॅमेऱ्यांच्या छायाचित्रांवरून निघाला.

शेताच्या कडेला राहणारं जनावर आपली वेळसुद्धा बदलतं. युगांडाच्या किबाले जंगलाला लागून मक्याची शेतं आहेत. चिंपांझी दिवसाचा प्राणी, अंधार पडला की झाडावर फांद्यांचं घरटं करून झोपणारा. पण तिथले चिंपांझी रात्री टोळीने मक्यात उतरतात, हे २०१४ मध्ये संशोधकांनी कॅमेऱ्यांतून दाखवून दिलं. आपला बिबट्याही दिवसभर उसात पडून राहतो आणि गाव निजलं की वस्तीवरून फिरतो.

शेत हेच बिबट्याचं घर आहे, हे न ओळखता उपाय केले की माणसांचे जीव जातात. जुन्नर भागात २००१ पासून पकडलेले बिबटे दूरच्या जंगलांत सोडायला सुरुवात झाली, आणि माणसांवरचे हल्ले वर्षाला सरासरी चारावरून सतरावर गेले. आपल्या मुलखातून उचलून परक्या रानात टाकलेलं जनावर काय करील, याचा विचारच झाला नव्हता.

'आजोबा' नावाच्या बिबट्याची गोष्ट इथे सांगायलाच हवी. २००९ मध्ये टाकळी ढोकेश्वरला विहिरीत पडलेला हा नर काढून, गळ्यात जीपीएस पट्टा बांधून माळशेज घाटात सोडला. महिन्याभरात तो सुमारे १२० किलोमीटर चालून, मुंबई-आग्रा महामार्ग ओलांडून बोरिवलीच्या राष्ट्रीय उद्यानापर्यंत पोहोचला. वाटेत त्याने एकाही माणसाला इजा केली नाही. २०११ च्या डिसेंबरात मुंबई-अहमदाबाद महामार्गावर वाहनाच्या धडकेने तो गेला. मला त्याचं आजही वाईट वाटतं.

पण उसाच्या शिवारात मूल गमावलेल्या आईचं दुःख त्याहून मोठं आहे. २०२५ च्या ऑक्टोबर-नोव्हेंबरात शिरूरच्या पिंपरखेड परिसरात लहान मुलांसह माणसं मारली गेली आणि बायका गळ्यात काटेरी पट्टे बांधून रानात जाऊ लागल्या. शेतीपंपाची वीज रात्री आली की अंधारात पिकाला पाणी द्यायला जावंच लागतं. दिवसा वीज द्या, ही तिथली जुनी मागणी.

अकोल्याच्या डोंगरात वसुबारसेलाच वाघबारस म्हणतात. त्या दिवशी महादेव कोळी गुराखी रानातल्या वाघोबाला नैवेद्य दाखवतात आणि गुराढोरांची राखण कर म्हणून त्यालाच साकडं घालतात.