पदर, कनवट आणि खिसा: खर्चाची कापडी भाषा

नागपुरातील गांधीबाग हा घाऊक कापडाचा जुना बाजार असून, तेथे थानातून मीटर मोजून कापड फाडले जाते. मात्र मराठी भाषेने खर्चाचे अनेक वाक्प्रचार त्याच कापडातून बेतले आहेत, ही बाब सहसा लक्षात येत नाही. पूर्वी लुगड्याच्या पदराच्या टोकाला नाणी गाठ मारून ठेवली जात आणि पुरुष धोतराच्या कनवटीत, म्हणजे कमरेशी खोचलेल्या घडीत, पैसे बाळगीत. ती गाठ सोडून स्वतःचे पैसे खर्च करणे म्हणजे पदरमोड, आणि नाहक भुर्दंड बसणे म्हणजे पदराला खार लागणे. पुढे शिवलेले कपडे रुळले, तेव्हा खिशाला कात्री लागू लागली.

इंग्रजीत अतिमहाग वस्तूची किंमत एक हात आणि एक पाय अशी सांगतात. मराठीला मात्र अवयवांपेक्षा वस्त्र जवळचे वाटते, हे तिचे खरोखर मोठे लोभस वैशिष्ट्य आहे. मिळकतीपुरताच खर्च करावा हे सांगताना मात्र इंग्रजही कापड पाहून कोट बेततो, तर मराठी माणूस अंथरूण पाहून पाय पसरतो.

चार आण्याची कोंबडी आणि बारा आण्याचा मसाला ही म्हण वेगळ्या कुळातली असून, तिच्यातील हिशेब 16 आण्यांच्या रुपयाचा आहे. 1 एप्रिल 1957 रोजी दशमान नाणी आली आणि आणा व्यवहारातून हळूहळू गेला, तरी म्हणीतला मसाला आजही बारा आण्यांचाच आहे.