झाडावरील शैवाक आणि हवेची परीक्षा

जुन्या आंब्याच्या खोडावर राखी किंवा फिकट हिरव्या रंगाचे, सालीस चिकटलेले चट्टे आढळतात. पुष्कळ शेतकरी त्यास रोग समजून खरवडून काढतात. वस्तुतः ते शैवाक होय. मसाल्यातील दगडफूल हे त्याचेच भावंड. बुरशी व शेवाळ यांच्या सहजीवनातून ते बनते. झाडाचा रस ते शोषीत नाही. सालीवर केवळ वस्ती करते.

शैवाकास मुळे नसतात व पानांवर असते तसे मेणचट आवरणही नसते. पाऊस, दव व धूळ यांतून मिळेल ते सर्वांगाने घ्यावयाचे, हाच त्याचा निर्वाह. त्यामुळे दगडी कोळशाच्या धुरातील सल्फर डायऑक्साइड वायू सरळ आत शिरून त्यातील शेवाळाचे हरितद्रव्य नष्ट करतो. पॅरिसच्या लक्झेंबर्ग उद्यानातील शैवाकांवरून हवेची शुद्धता ओळखता येते, असे नायलँडर यांनी १८६६ साली दाखविले. इंग्लंड व वेल्समध्ये १९७० साली याच आधारे हवेच्या दहा पायऱ्या ठरविण्यात आल्या.

पुण्यातील आघारकर संशोधन संस्थेत (१९४६ साली स्थापन झालेली महाराष्ट्र विज्ञान वर्धिनी) शैवाकांचा मोठा संग्रह आहे. तथापि पुणे परिसरात ही परीक्षा करताना एक चूक सहज घडते. ताम्हिणीच्या घाटात पाऊस अतिशय, तर पुणे शहरात वर्षाला सुमारे ७०० मिलिमीटर. पूर्वेकडे जावे तसा तो आणखी घटतो, आणि हवा निर्मळ असली तरी शैवाके विरळ होतात. सबब मुळशीचे झाड व हडपसरचे झाड यांची तुलना व्यर्थ होय.

ग्रामसेवकांनी सारख्या पावसाच्या टापूतील, एकाच जातीची व साधारण एकाच वयाची झाडे निवडावीत. काही वीटभट्टी किंवा हमरस्त्यालगतची, तर काही दूरची असावीत. खोडाची एकच बाजू, छातीच्या उंचीवर, पाहावी. पावसाळ्यानंतर शैवाके टवटवीत असतात, तेव्हा प्रकार मोजणे सोपे जाते. चुना अथवा बोर्डो मलम लावलेली झाडे वगळावीत, कारण मोरचूद शैवाकास मारतो. गोठ्याजवळचीही घेऊ नयेत. तेथील अमोनियामुळे काही जाती उलट फोफावतात.

वीटभट्टीच्या धुराने आंब्याच्या फळाचे टोक काळे पडते. हा विकार फळावर दिसतो तेव्हा त्या फळाचा उपाय संपलेला असतो. भट्टीकडील बाजूची शैवाके वर्षानुवर्षे कमी होताना आढळल्यास धुराची शंका घेण्यास आधार मिळतो. मात्र कोणता वायू किती, हे शैवाक सांगत नाही. त्यासाठी यंत्राने मोजणी करून घ्यावी लागते. नोंदवहीत झाड, बाजू व तारीख लिहून ठेवावी, म्हणजे पुढील वर्षी तेच झाड पुन्हा पाहता येईल.