तपासणी बाटलीपासून सुरू होते

स्तनाच्या गाठीच्या रिपोर्टात 'हर-टू' या ओळीवर पुढचे उपचार ठरतात. हर-टू हे पेशीच्या आवरणातले प्रथिन. शेजारच्या प्रथिनाशी जोडी जमवून ते वाढीचा संदेश पेशीच्या आत पोहोचवते. शंभरातल्या पंधरा-वीस स्तनकर्करोगांत ते भरमसाट तयार होते. अशा रुग्णांसाठीच्या ट्रास्टुझुमॅब या औषधाला अमेरिकेत १९९८मध्ये मान्यता मिळाली. ही ओळ लिहिते मोठ्या शहरातली प्रयोगशाळा. पण ती किती खरी, हे बऱ्याच अंशी तुकडा काढला त्या खोलीतच ठरून जाते, मग ती खोली पातूरसारख्या तालुक्याच्या गावातली का असेना.

याचे कारण तपासणीच्या रीतीत आहे. तुकडा आधी बाटलीतल्या फॉर्मालिन या टिकवणाऱ्या द्रवात मुरतो, मग मेणात बसवून त्याचे तीन-चार मायक्रॉन जाडीचे काप स्लाइडवर घेतात. काप उष्णता देऊन तयार करतात आणि त्यावर अँटीबॉडी सोडतात. ती हर-टूला चिकटली की दुसरी अँटीबॉडी आणि तिच्यासोबतचे विकर तिथे तपकिरी रंग उमटवतात. दहा टक्क्यांहून अधिक गाठपेशींभोवती गडद, सलग कडे दिसले तर ३ प्लस, म्हणजे पॉझिटिव्ह. २ प्लस असे संदिग्ध उत्तर आले तर हर-टूच्या जनुकाच्या प्रती मोजाव्या लागतात. अँटीबॉडीला प्रथिनाचा फक्त एक लहानसा भाग ओळखता येतो. बुडवायला उशीर झाला किंवा मुरणे कमी-जास्त झाले आणि तोच बिघडला, तर हर-टू असूनही स्लाइड फिकी राहते. म्हणून तुकडा तासाभरात फॉर्मालिनमध्ये पडावा आणि ६ ते ७२ तास तिथे राहावा, असा आंतरराष्ट्रीय दंडक आहे.

यावर कोणी म्हणेल, अँटीबॉडी कंपनीने पारखलेली असते, सोबत हर-टू असलेला माहितीतला तुकडाही रंगवतात. मग गावच्या बाटलीची काळजी कशाला? पण तो माहितीतला तुकडा वेगळ्या बाटलीत मुरलेला असतो. रसायने आणि यंत्र ठीक आहेत एवढेच तो सांगतो. इस्ट्रोजेन रिसेप्टर या दुसऱ्या प्रथिनाच्या तपासणीत त्याच कापातल्या निरोगी नलिका रंगतात आणि तुकडा नीट टिकल्याची साक्ष देतात. हर-टूत निरोगी पेशी रंगणे अपेक्षितच नसते, त्यामुळे तो साक्षीदार मिळत नाही.

तालुक्याला ही शिस्त परवडेल का, हा आक्षेप अधिक खरा वाटतो. पण लागते काय? योग्य प्रकारचे फॉर्मालिन तुकड्याच्या दहापट, गाठ मोठी असेल तर तिला चिरा, कारण फॉर्मालिन तासाला जेमतेम मिलिमीटरभर आत शिरते, आणि फॉर्मवर दोन वेळा: तुकडा काढल्याची व बुडवल्याची. शनिवारी काढलेला तुकडा अकोल्यामार्गे पुढे पोहोचायला मंगळवार संध्याकाळ झाली तर ७२ तास उलटलेले असतात. वेळ लिहिलेली नसेल तर ते कळणारही नाही. म्हणून वेळेची नोंद नसलेला 'निगेटिव्ह' अंतिम मानू नये. दुसऱ्या तुकड्यावर तपासणी पुन्हा व्हावी. तिचा खर्च हुकलेल्या औषधापुढे किरकोळ आहे.